काचेच्या घरातील पाहुणा

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यात अल्लीपूर नावाचे मोठे गाव आहे. गावाभोवती काळी कसदार जमीन असून तीत कापूस, तूर आणि सोयाबीन यांची शेते दूरवर पसरलेली आहेत. गावाजवळून यशोदा नदी वाहते. उन्हाळ्यात तिचे पात्र आक्रसते आणि ठिकठिकाणी डोह तेवढे शिल्लक राहतात. पण पावसाळा सुरू झाला, की तीच नदी दोन्ही काठ भरून वाहू लागते. गढूळ पाण्याबरोबर मासे ओढ्यानाल्यांत चढतात आणि या भागातील ढीवर व भोई लोक जाळी घेऊन पाण्याच्या वाटा धरतात.

विदर्भातील नद्यांत जे अनेक प्रकारचे मासे आढळतात, त्यांत काहींच्या तोंडाभोवती लांब मिशा असतात. टेंगरा, मागूर, शिंगाळा ही त्यांचीच नावे होत. मिशांमुळे त्यांचे तोंड मांजरासारखे दिसते. मांजराला संस्कृतात मार्जार म्हणतात. म्हणून या कुळातील माशांना मार्जारमीन असे नाव मिळाले आहे. या मिशा केवळ शोभेच्या नव्हेत. आपल्याला जिभेने चव कळते, तशी या माशांना मिशांनीही चव कळते. गढूळ पाण्यात किंवा रात्रीच्या अंधारात डोळ्यांचा फारसा उपयोग नसतो. अशा वेळी तळाचा चिखल मिशांनी चाचपत मार्जारमीन आपले अन्न शोधून काढतो.

या कुळाचा एक परदेशी नातलग अलीकडे आपल्या घराघरांतून दिसू लागला आहे. शहरातील दुकानांत रंगीत मासे विकावयास ठेवलेले असतात. त्यांच्यातच काचेला तोंड चिकटवून स्वस्थ बसलेला, तपकिरी अंगावर काळे ठिपके असलेला एक लहानसा मासा दृष्टीस पडतो. बाजारात त्याला ‘सकर’ म्हणतात. दुकानात असतो तेव्हा तो दोनतीन इंच लांब असतो. “हा टाकीतील शेवाळ खातो, टाकी स्वच्छ ठेवतो,” असे सांगून तो विकला जातो. किंमतही थोडी असते. तेव्हा मुले हट्ट धरतात आणि वडीलमाणसे पाण्याने भरलेल्या पिशवीतून हा पाहुणा घरी आणतात.

हा पाहुणा फार दूरचा आहे. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात त्याचे मूळ घर आहे. त्याच्या एका जातीचे शास्त्रीय नाव ‘टेरिगोप्लिक्थिस पार्डालिस’ असे आहे. यातील ‘पार्डालिस’ या शब्दाचा अर्थ बिबट्यासारखा असा होतो. अंगावरील ठिपक्यांमुळेच शास्त्रज्ञांना बिबट्याची आठवण झाली.

या माशाच्या शरीराची रचना मोठी कुतूहलजनक आहे. इतर मार्जारमीनांच्या अंगावर खवले नसतात. याच्या अंगावर मात्र हाडासारख्या कठीण तकटांच्या रांगा असतात. जणू काय तो चिलखत घालूनच फिरतो. पाठीवरील व छातीजवळील परांना बळकट काटे असतात. त्याचे तोंड डोक्याच्या खालच्या बाजूस असून ओठ वाटीसारखे पसरट असतात. या ओठांच्या साहाय्याने तो वाहत्या पाण्यातही दगडाला घट्ट चिकटून राहतो आणि बारीक दातांनी दगडावरील शेवाळ खरवडून खातो. त्याचे डोळेही विलक्षण असतात. उजेड वाढला, की डोळ्यातील पडद्याचा एक पदर बाहुलीवर खाली उतरतो. अंधार पडला, की तो वर जातो. यावरून हा मासा रात्री हिंडणारा आहे, हे ध्यानात येते. दिवसा तो लाकडाच्या किंवा दगडाच्या आडोशाला पडून राहतो.

याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे त्याचा श्वासोच्छ्वास. कल्ल्यांच्या साहाय्याने तो पाण्यातील प्राणवायू घेतोच. पण पाण्यात प्राणवायू कमी झाला, तर पृष्ठभागावर येऊन तो हवेचा घोट गिळतो. त्याच्या जठराच्या भिंतीत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. त्या जाळ्यातून हवेतील प्राणवायू रक्तात शोषला जातो. या देणगीमुळे अंग ओले राहिल्यास तो पाण्याबाहेरही कित्येक तास जिवंत राहू शकतो.

असा जीव घरी आणावयाचा, तर त्याच्या राहण्याची सोय अगोदर केली पाहिजे. काचेच्या टाकीत माणसाने पाणी भरले म्हणजे काम संपले, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः काम तेथे सुरू होते. मासे पाण्यात विष्ठा टाकतात. न खाल्लेले अन्न तळाशी कुजते. त्यापासून अमोनिया नावाचे विषारी द्रव्य तयार होते. नदीत पाण्याचा साठा मोठा आणि प्रवाह चालू, म्हणून ते विरून जाते. टाकीत ते साठत राहते. सुदैवाने निसर्गात काही उपकारक सूक्ष्मजंतू आहेत. त्यांतील काही जंतू अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच असते. परंतु दुसरे जंतू त्याचे नायट्रेट बनवितात आणि ते पुष्कळच कमी घातक असते. हे जंतू वाळूवर, दगडांवर व पाणी गाळणाऱ्या यंत्रातील स्पंजावर वाढतात. नव्या टाकीत त्यांची वस्ती होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून आज टाकी आणली आणि आजच मासे सोडले, तर पुष्कळदा ते आठपंधरा दिवसांत मरतात. मालकाला वाटते, की मासेच रोगट होते. खरे कारण पाण्यात असते आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

साठलेले नायट्रेट काढून टाकण्यासाठी दर आठवड्याला टाकीतील सुमारे एक चतुर्थांश पाणी बदलावे. सगळे पाणी एकदम बदलू नये. त्यामुळे माशांना धक्का बसतो. नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन मिसळलेला असतो. तो माशांच्या कल्ल्यांना व उपकारक जंतूंनाही मारक ठरतो. यासाठी असे पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवून मगच वापरणे बरे. स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच हलके पिळून घ्यावा. म्हणजे त्यावरील जंतूंची वस्ती नष्ट होत नाही.

वऱ्हाड-विदर्भातील हवामानामुळे येथे आणखी एक काळजी घ्यावी लागते. वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांवर तो सुमारे साडेसात मिलिग्रॅम इतकाच राहतो. त्यातच वीज गेली आणि हवा सोडणारा पंप बंद पडला, की मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात. म्हणून टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नये. उन्हाळ्यात टाकीच्या बाहेरून ओले फडके गुंडाळावे. माठातील पाणी ज्या कारणाने थंड राहते, त्याच कारणाने, म्हणजे बाष्पीभवनाने, टाकीतील पाणीही थोडे निवते. उलट, पौष-माघातील थंडीत पाणी फार गार होते. उष्ण प्रदेशातील या माशाला २२ ते २८ अंशांचे पाणी मानवते. म्हणून त्या दिवसांत पाणी कोमट राखणारे साधन लागते.

आता आहाराचा विचार करू. सकर मासा टाकीतील शेवाळ खाऊन जगतो, ही समजूत अपुरी आहे. काचेवरील शेवाळ थोड्याच दिवसांत संपते आणि मग तो उपाशी राहतो. त्याला काकडीची चकती, किंचित उकडलेला दुधी भोपळा किंवा पालक द्यावा. तो रात्री खाणारा असल्यामुळे दिवा मालविल्यावर अन्न ठेवावे आणि उरलेले सकाळी काढून घ्यावे. टाकी स्वच्छ ठेवतो, हीही समजूत तितकीच चुकीची आहे. जो जीव खातो तो विष्ठाही टाकतो. आणि हा मासा तर खादाड असल्याने इतरांपेक्षा अधिकच घाण करतो.

इतकी सगळी सेवा नियमाने केली, तर मासा जगतो. आणि जगला म्हणजे वाढतो. येथेच खरी अडचण उभी राहते. दोन इंचांचा तो चिमुकला जीव वाढत वाढत एक ते दीड फूट लांब होतो आणि दहा वर्षांहूनही अधिक जगू शकतो. ज्या मुलाने तो पाचवीत असताना आणला, तो महाविद्यालयात गेला तरी मासा तेथेच असतो.

थोडे गणित करून पाहिले, तर अडचण नीट समजेल. घरातील सामान्य टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच असते. तिचे घनफळ ५४,००० घन सेंटिमीटर, म्हणजे तीत ५४ लिटर पाणी मावते. दीड फुटाच्या, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटरच्या माशाला तीत धड वळताही येणार नाही. कारण टाकीची रुंदी त्याच्या लांबीहून कमी आहे. त्याला मोकळेपणाने फिरता यावे, म्हणून १८० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद व ६० सेंटिमीटर उंच टाकी घेतली, तर तीत ६४८ लिटर पाणी लागते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असते. तेव्हा काच, वाळू आणि दगड सोडून नुसत्या पाण्याचेच वजन सुमारे साडेसहा क्विंटल होईल. दर आठवड्याला त्यातील १६२ लिटर पाणी बदलावे लागेल. ज्या गावांत उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच चणचण भासते, तेथे हे किती घरांना परवडेल?

मग घरातील मंडळी विचारात पडतात. मासा टाकीत मावत नाही. त्याला मारावे, हे कोणाच्या मनाला पटत नाही. अशा वेळी कोणीतरी सुचविते, “जवळच नदी आहे. डोहात नेऊन सोडला, तर बिचारा सुखाने राहील.” हा सल्ला दयेचा वाटतो. मूल मासा बादलीत घालून नदीवर नेते, त्याला पाण्यात सोडते आणि पुण्याचे काम केल्याच्या समाधानाने घरी परतते. वास्तविक या कृतीत कोणावरही दया होत नाही.

पाण्यात सोडल्यावर दोहोंपैकी एक गोष्ट घडते. थंडीने, उपासमारीने किंवा रोगाने तो मासा मरून जातो. तसे झाले, तर त्याला सोडण्यात दया ती कसली? किंवा तो जगतो. आणि हे अधिक भयंकर असते. चिलखतासारख्या अंगामुळे व काट्यांमुळे आपल्याकडील फारसे प्राणी त्याला खाऊ धजत नाहीत. डोह आटू लागला, पाण्यातील प्राणवायू कमी झाला, तरी हवा गिळून तो तग धरतो, तेव्हा येथील मासे गुदमरत असतात. नर मासा काठाच्या मातीत हात-दोन हात लांब बीळ खणतो. मादी त्यात शेकडो अंडी घालते आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत नर त्यांचे रक्षण करतो. बिळांनी पोखरलेले काठ पावसाळ्यात ढासळतात. ज्या शेवाळावर व तळाच्या अन्नावर येथील मासे पोसतात, तेच हा पाहुणा फस्त करतो.

ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिका खंडातील मेक्सिको देशात इन्फिएर्निलो नावाचा मोठा जलाशय आहे. तेथील मासेमारीवर अनेक कुटुंबे पोट भरत असत. पाळीव माशांच्या व्यापारातून या जातीचे मासे तेथे शिरले आणि हळूहळू जाळ्यांत खाण्याचे मासे कमी व हे काटेरी मासे अधिक येऊ लागले. प्वेर्तो रिको बेटावर हा मासा गिळताना काटे घशात अडकून पाणकोळी पक्षी मेल्याचे आढळले आहे. आपल्या देशातही केरळ, आंध्र प्रदेश, तामिळनाडू व पश्चिम बंगाल या राज्यांतील पाण्यांत तो पसरला आहे. महाराष्ट्रात भीमा नदीवरील उजनीच्या जलाशयात तो मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडू लागला आहे. त्याचे काटे जाळ्यात इतके गुंततात, की मासा काढण्यासाठी जाळे फाडावे लागते. त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. म्हणजे ढीवराच्या दिवसाची कमाई तर बुडतेच, शिवाय जाळ्याची तूटही त्यालाच सोसावी लागते.

परदेशी माशाने अशी हानी केल्याचे आणखी एक उदाहरण आपल्याकडे आहे. झपाट्याने वाढतो म्हणून आफ्रिकेतील मांगूर मासा भारतात आणला गेला. तो अतिशय हिंस्र व खादाड निघाला. तळ्यांतून निसटून तो नदीनाल्यांत शिरला आणि देशी माशांवर तुटून पडला. अखेर २००० साली भारत सरकारने त्याच्या पालनावर बंदी घातली. परंतु जो मासा एकदा वाहत्या पाण्यात पसरला, त्याला केवळ कायद्याने परत बोलाविता येत नाही.

येथे पाण्याची वाटही ध्यानात घेतली पाहिजे. यशोदा नदी वर्धा नदीला मिळते. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमापासून पुढे प्राणहिता नदी होते. प्राणहिता गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी आंध्र प्रदेशातून बंगालच्या उपसागरास जाते. अल्लीपूरच्या डोहात सोडलेल्या एका जोडीच्या पिल्लांना या सर्व नद्यांची दारे उघडी असतात. ज्याने ती जोडी सोडली, त्याने ज्यांचे तोंडही पाहिलेले नाही, अशा कितीतरी गावांतील ढीवरांच्या भाकरीशी त्याच्या त्या एका कृतीचा संबंध येतो.

याचा अर्थ घरी मासे पाळूच नयेत, असा नाही. मासे पाळण्याने निरीक्षणाची सवय लागते, नियमितपणा अंगी बाणतो आणि मुक्या जीवाची भाषा कळू लागते. १९५१ साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. तेथे काचेपलीकडील जलसृष्टी पाहून मुलांच्या कित्येक पिढ्या हरखून गेल्या. मात्र मासा निवडताना तो आज केवढा आहे, हे न पाहता तो पुढे केवढा होणार आहे, हे आधी विचारावे. लहान राहणारे मासे निवडावेत. मार्जारमीनच हवा असेल, तर आपल्या नद्यांतील टेंगऱ्याच्या लहान जातींचा विचार करावा. त्यांतील काहींच्या खांद्याजवळ एकच गडद ठिपका असतो आणि त्या वीतभरच वाढतात. त्यांना हाताळताना काटा लागणार नाही, अशी खबरदारी घ्यावी. आणि त्यांच्यासोबत अगदी बारीक मासे ठेवू नयेत, कारण टेंगरा ते खाऊन टाकतो.

ज्यांच्या घरी सकर मासा आधीच आहे आणि तो टाकीत मावेनासा झाला आहे, त्यांनी तो दुकानदारास परत द्यावा, किंवा मोठी टाकी असलेल्या जाणत्या माणसाच्या स्वाधीन करावा. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयातही सल्ला विचारता येतो. विहीर, शेततळे, ओढा किंवा नदी यांत मात्र तो कदापि सोडू नये. शेततळ्याचा बांध पावसात फुटला, तर तेथील पाणीही अखेर नदीलाच मिळते. टाकीतील जुने पाणी आणि वनस्पतीसुद्धा ओढ्यात टाकू नयेत. ते पाणी झाडांना घालावे. त्यातील नायट्रेट झाडांना खत म्हणून उपयोगी पडते.

पाहुण्याला घरी बोलाविणे सोपे असते. त्याची शेवटपर्यंत व्यवस्था पाहणे, हे यजमानाचे कर्तव्य असते. ज्याला ते कर्तव्य झेपणार नाही, त्याने दुकानातील काचेपाशी क्षणभर थांबून तो ठिपकेदार मासा पाहावा, त्याच्या डोळ्यांची व ओठांची नवलाई न्याहाळावी आणि त्याला न घेताच घरी यावे. मुक्या जिवावरील प्रेमाची हीदेखील एक रीत आहे.

स्वाध्याय

१. मार्जारमीन हे नाव कशावरून पडले? मिशांचा या माशांना काय उपयोग होतो?

२. नव्या टाकीत त्याच दिवशी मासे का सोडू नयेत? कारण सविस्तर लिहा.

३. एक टाकी ९० सेंटिमीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद व ४० सेंटिमीटर उंच आहे. तीत किती लिटर पाणी मावेल? दर आठवड्याला किती लिटर पाणी बदलावे लागेल?

४. ‘मासा नदीत सोडणे म्हणजे त्याच्यावर दया करणे होय.’ या म्हणण्याचे पाठाच्या आधारे खंडन करा.

५. तुमच्या गावाजवळील ओढ्याचे किंवा नदीचे पाणी कोणकोणत्या नद्यांतून समुद्रास मिळते, ते नकाशात शोधा. तेथे पूर्वी सापडणारे व आता सापडणारे मासे कोणते, हे गावातील ढीवर किंवा भोई आजोबांना विचारून लिहा.